मोनुमेंटाचं ऑनलाइन दफ्तर: बिशपांचे ठराव मुळातून वाचायचे तर

कोल्हापुरात ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हटलं की बोलणं वायल्डर साहेबांपासून सुरू होतं आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनपाशी संपतं. त्या पंथाच्या रचनेत आपल्याला अपेक्षित असतो तसा बिशप नाहीच. त्यामुळं सहाव्या ते नवव्या शतकातले कॅथलिक बिशप परिषदेला जमून नेमकं काय ठरवत होते, हे इथल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतं ते गाइडमधून, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समधून, नाहीतर व्हॉट्सअॅपवरून. ‘एका परिषदेत बायकांना आत्मा असतो का यावर मतदान झालं’ हे त्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य. ते खरं की खोटं, हे मूळ मजकुरावर बोट ठेवून फुकटात तपासता येतं. त्यासाठीची जागा म्हणजे म्युनिकच्या ‘मोनुमेंटा जर्मानिए हिस्टोरिका’ या संस्थेचं डिजिटल दालन, डीएमजीएच. हे परीक्षण त्यातल्या परिषदांच्या खंडांपुरतं आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कशाला कापला ते पुढं येईलच.

संस्था १८१९ची, बॅरन फॉम श्टाइन यांनी सुरू केलेली. मध्ययुगीन साधनं हस्तलिखितं ताडून छापायची, हे तिचं तेव्हापासूनचं काम. छापील खंडांची पानं बव्हेरियाच्या राज्य ग्रंथालयाच्या मदतीनं ऑनलाइन आली. खातं काढावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. पानाचं चित्रही दिसतं आणि शोधता येणारा मजकूरही. नुकते निघालेले खंड मात्र लगेच येत नाहीत, काही वर्षं थांबावं लागतं. याच साधनांची सशुल्क आवृत्ती एक बेल्जियन प्रकाशक विकतो. एम.ए.च्या प्रबंधापुरतं काम असेल तर तिची गरज नाही.

आत शिरल्यावर पहिल्यांदा गोंधळ होतो तो विभागांचा. लेखक, कायदे, सनदा, पत्रं आणि पुरावशेष असे पाच मोठे विभाग लॅटिन नावांनी मांडलेत. परिषदा ‘कायदे’ म्हणजे ‘लेगेस’ विभागात आहेत, ‘कोंकिलिआ’ या मालिकेत. पहिला खंड मासेन यांनी १८९३ला संपादित केलेला, ५११ ते ६९५ या काळाचा. दुसरा व्हेर्मिंगहॉफ यांचा, १९०६ आणि १९०८ अशा दोन भागांत, कॅरोलिंगियन म्हणजे शार्लमेनच्या घराण्याच्या काळाचा. तिसरा (८४३ ते ८५९) आणि चौथा (८६० ते ८७४) हार्टमान यांचे. सुरुवात पहिल्या दोघांपासूनच करावी. कलमं छोटी आहेत, विषय रोजच्या व्यवहारातले आहेत.

खंड उघडला की आधी अनुक्रमणिकेच्या पानावर जा, परिषदेचं नाव आणि साल शोधा, पान क्रमांक टिपून घ्या आणि थेट त्या पानावर उडी मारा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतल्या पत्त्यात खंडाचं संक्षिप्त नाव आणि पान क्रमांक दोन्ही असतात. तो पत्ता वहीत उतरवला की पुढच्या वेळी सगळ्या विभागांतून हिंडावं लागत नाही. तळटीप लिहिताना खंड, पान आणि ओळ हे तिन्ही द्यायचे असतात. समासात दर पाच ओळींनी आकडा छापलेला आहे, तो याचसाठी.

प्रत्येक पानाचे दोन मजले. वर ठरावाचा मजकूर, खाली बारीक टायपात पाठभेद: कुठल्या हस्तलिखितात काय शब्द आहे, कुठला गाळलाय, कुठला नंतर घुसडलाय. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी कागद हाताळलेल्यांना हे अवघड जाऊ नये. मूळ कोणतं, नक्कल कोणती आणि बनावट कोणतं, हा प्रश्न तोच आहे. सवय नसलेला वाचक मात्र खालचा मजला सोडून देतो, आणि तिथंच फसतो.

दालनाची चाचणी घ्यायला एक चांगला विषय म्हणजे शिकारी कुत्री आणि ससाणे. ५१७ साली बर्गुंडी राज्यातल्या एपाओनला परिषद झाली. पुढाकार व्हिएनचे बिशप अॅव्हिटस यांचा, कलमं ४०. त्यातलं चौथं कलम सांगतं की बिशप, धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूच्या खालचा पाद्री) यांनी शिकारीसाठी कुत्री किंवा ससाणे पाळू नयेत. पाळले तर बिशपानं तीन महिने, धर्मगुरूनं दोन महिने आणि डीकननं एक महिना कम्युनियनपासून (प्रभुभोजनापासून) दूर राहायचं. पद जितकं मोठं तितकी शिक्षा जास्त. एवढ्या एका कलमावरून कळतं की बिशप मंडळी जमीनदार घराण्यांतून येत होती आणि सवयी सोबत घेऊन येत होती. चित्ते बाळगून शिकार करवणाऱ्या संस्थानच्या गावाला हा शौक किती माणसं आणि किती पैसा खातो, ते समजावायला नको.

पुढं ५८५ला माकोंच्या दुसऱ्या परिषदेत तेराव्या कलमात पुन्हा कुत्री येतात, पण कारण बदललेलं. बिशपाचं घर आल्यागेल्याला आसरा द्यायला असतं. दाराशी कुत्री असली तर मदत मागायला आलेल्या गरिबालाच चावा बसायचा. घराची राखण भजनांनी व्हावी, भुंकण्यानं नव्हे, असं ते कलम म्हणतं. मग ७४२मध्ये मिशनरी बिशप बॉनिफेस आणि फ्रँकांचा सत्ताधीश कार्लोमान यांच्या परिषदेत, जिला ‘कोंकिलिउम जर्मानिकुम’ म्हणतात, पाद्र्यांना कुत्री घेऊन रानोमाळ भटकायला आणि ससाणे बाळगायला पुन्हा बंदी. सव्वादोनशे वर्षांत तीन वेळा तेच सांगावं लागतं, याचा अर्थ कुणी ऐकत नव्हतं. ठराव वाचून ‘तेव्हा असं होत नसे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही तीन पानं शेजारी शेजारी उघडावीत.

आता याच विषयाचा दुसरा पदर. बऱ्याच जुन्या संग्रहांत हाच मजकूर ५०६च्या आग्दच्या परिषदेचं ५५वं कलम म्हणून सापडतो. आग्दची परिषद आर्लचे बिशप सीझेरियस यांच्या अध्यक्षतेखाली, व्हिसिगॉथ राजा दुसरा अलारिक याच्या परवानगीनं भरली होती. तिची अस्सल कलमं ४७च. ४८ ते ७१ ही नंतरच्या नकलाकारांनी जोडली, त्यात एपाओनची कलमंही आली. अठराव्या शतकात मान्सी यांनी काढलेल्या ३१ खंडांच्या महासंग्रहात ती ७१च्या ७१ छापलेली आहेत. तो संग्रहही आता स्कॅन होऊन फुकट मिळतो, म्हणून प्रबंधांत सर्रास दिसतो. ‘आग्द, कलम ५५’ असा दाखला दिसला की लेखकानं मान्सीवर भागवलं आणि पुढं तपासलं नाही, हे ओळखावं.

पण आग्द शोधायला मोनुमेंटात गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. पहिला कापलेला अर्धा तारा इथला. मासेन यांचा खंड ५११ला फ्रँकांचा राजा क्लोव्हिसनं बोलावलेल्या ऑर्लिअँच्या परिषदेपासून सुरू होतो, आणि ही मालिका फ्रँक राज्याभोवती बेतलेली आहे. व्हिसिगॉथांच्या ताब्यातलं आग्द तिच्या बाहेर राहतं. स्पेनही बाहेर. ५८९ची तोलेदोची तिसरी परिषद, जिथं राजा रेकारेद यानं एरियन पंथ (ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणारा) सोडल्याचं जाहीर केलं, ती इथं नाही. ६३३ची चौथी, सेव्हिलचे बिशप इसिडोर यांच्या अध्यक्षतेखालची, ७५ कलमांची, तीही नाही. तिची उणीव जास्त जाणवते. तिच्या चौथ्या कलमात परिषद कशी भरवायची याची कार्यपद्धतच दिली आहे: सूर्योदयापूर्वी चर्च रिकामं करायचं, सगळी दारं लावून एकाच दाराशी द्वारपाल ठेवायचे, बिशपांनी दीक्षेच्या ज्येष्ठतेनुसार बसायचं, धर्मगुरूंनी त्यांच्या मागं, डीकन समोर उभे, आणि नोंद घ्यायला लेखनिक. परिषद म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आणायला याहून चांगला उतारा नाही. निकियाच्या ३२५च्या परिषदेची २० कलमंही इथं शोधू नयेत. त्यांची इंग्रजी भाषांतरं इतरत्र सहज मिळतात.

शोधपेटी हा दुसरा अर्धा तारा. लॅटिनमध्ये शब्द विभक्तीप्रमाणं बदलतो. कुत्र्यांसाठी ‘कानेस’ टाकलं तर ‘कानिबुस’ निसटतं. शब्दाचा नुसता पुढचा तुकडा टाकावा तर चर्चच्या नियमाला असलेला ‘कानोन’ हा शब्द पानोपानी उगवतो आणि हजार निकालांत कुत्री हरवून जातात. ससाण्याचं आणखी बिकट. एपाओनला ‘आक्किपित्रेस’ आहे, ७४२च्या ठरावात ‘आक्केप्तोरेस’, कारण बोलीतलं रूप कागदावर उतरलंय. मेरोव्हिंगियन म्हणजे क्लोव्हिसच्या घराण्याच्या काळातल्या हस्तलिखितांत इ आणि ए, ओ आणि उ यांची अदलाबदल नेहमीची, आणि मासेन यांनी ती बरीचशी तशीच ठेवली आहे. संपादकाला हे शोभतं, पण शोधपेटीला ते झेपत नाही. म्हणून शोधपेटीआधी खंडाच्या शेवटची शब्दसूची उघडावी. माणसानं हातानं केलेली ती सूची वेगवेगळी रूपं एका नोंदीखाली आणते. मग सूचीतल्या पानांवर जावं, आणि शोधपेटी फक्त राहिलेलं धुंडाळायला ठेवावी. शब्द रोमन लिपीतच टाकावा लागतो, हे वेगळं सांगायला नको.

आता बायकांच्या आत्म्याचं प्रकरण. ते माकोंच्या याच ५८५च्या परिषदेच्या नावावर खपवलं जातं. तिची २० कलमं एका बैठकीत वाचून होतात. पहिलं रविवार पाळण्याबद्दल, पाचवं दशमांश देण्याबद्दल, तेरावं वर आलेलं कुत्र्यांचं. आत्म्याचा उल्लेख नाही, मतदानाचा तर नाहीच. मग बातमी आली कुठून? तूरचे बिशप ग्रेगरी यांच्या इतिहासातून, आठव्या भागातल्या विसाव्या प्रकरणातून. तोही ग्रंथ मोनुमेंटात आहे, पण ‘लेखक’ विभागात, मेरोव्हिंगियन काळाच्या पहिल्या खंडात. तिथं एवढंच आहे की एका बिशपानं ‘माणूस’ या अर्थाचा लॅटिन शब्द स्त्रीला लागू होतो का अशी शंका काढली, इतरांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा दाखला दिला आणि तो गप्प बसला. शंका व्याकरणाची होती, ती एकाच माणसाची होती, आणि ठरावात तिला जागाही मिळाली नाही. दालनाचं खरं बळ हेच. परिषदेचे ठराव आणि त्याच परिषदेबद्दल समकालीनानं लिहिलेला वृत्तांत, दोन्ही दोन खिडक्यांत शेजारी उघडता येतात.

असाच फायदा बॉनिफेसच्या बाबतीत. परिषदांचा पहिला खंड ६९५ला संपतो आणि दुसरा ७४२ला सुरू होतो. मधली पोकळी का? पत्रांच्या विभागात टांगल यांनी १९१६ला संपादित केलेला बॉनिफेसचा पत्रव्यवहार आहे. त्यातल्या ५०व्या पत्रात तो पोप झकारियस यांना कळवतो की फ्रँक लोकांनी ८० वर्षांहून जास्त काळ परिषद घेतलेली नाही आणि त्यांच्यात आर्चबिशपही नाही. खंडातली सालं मोजली तर ८० भरत नाहीत. पोपकडून अधिकार हवा असलेल्या माणसानं तक्रार थोडी वाढवून सांगितली असणार, हे उघड आहे. नुसतं पत्र वाचणारा ८०चा आकडा उतरवून मोकळा होतो.

इतिहासापेक्षा अर्थशास्त्रात रस असणाऱ्यांनी ७९४ची फ्रँकफुर्टची परिषद उघडावी. शार्लमेननं बोलावलेली, ५६ कलमांची. पहिल्या कलमात दत्तकवादाचा (ख्रिस्त माणूस म्हणून देवाचा दत्तक पुत्र, या मताचा) निषेध, दुसऱ्यात मूर्तिपूजेवरून ग्रीकांच्या परिषदेचा निषेध, तिसऱ्यात बव्हेरियाचा पदच्युत ड्यूक टासिलो याला माफी, आणि चौथ्यात एकदम धान्याचे दर! एक मापी ओट एका दिनाराला (चांदीचं नाणं), जव दोनला, राय तीनला, गहू चारला, आणि टंचाई असो वा सुबत्ता, याहून वर कुणी विकायचं नाही. राजाच्या कोठारातलं धान्य त्याहून स्वस्त: ओट दिनाराला दोन मापी, जव एक दिनार, राय दोन, गहू तीन. भाकरी विकायची तर दिनाराला दोन पौंडांच्या गव्हाच्या बारा, रायच्या पंधरा, जवाच्या वीस, ओटच्या पंचवीस. पाचव्या कलमात नवी नाणी सगळ्यांनी स्वीकारावीत असा हुकूम. धर्मपरिषद आणि राजसभा यांची सीमा किती पुसट होती, ते या पाच कलमांतच कळतं. बावन्नावं कलमही चुकवू नये: देवाची प्रार्थना तीनच भाषांत करावी असं कुणी मानू नये, मागणं योग्य असेल तर कुठल्याही भाषेत ऐकलं जातं. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला यावर भाष्य नको.

या फ्रँकफुर्टमुळंच एक घोटाळाही होतो. हा मजकूर मोनुमेंटात दोनदा छापलाय. एकदा परिषदांच्या दुसऱ्या खंडात १६५व्या पानापासून, आणि एकदा बोरेशियस यांच्या १८८३च्या राजाज्ञांच्या पहिल्या खंडात २८व्या क्रमांकाखाली, ७३व्या पानापासून. ७४२च्या ठरावांचंही तेच: परिषदांच्या दुसऱ्या खंडाचं पहिलंच पान, आणि राजाज्ञांत दहावा क्रमांक. शोधात दोन्ही निकाल येतात आणि नवखा त्यांना दोन वेगळी साधनं समजून दोन तळटीपा देतो. परिषद म्हणून लिहीत असाल तर व्हेर्मिंगहॉफ यांची पानं द्यावीत.

तारखांना घाबरू नये. रोमन पद्धतीत पुढच्या खुणेपासून उलटं मोजतात, दोन्ही टोकं धरून. ‘कॅलेंड्स’च्या (महिन्याच्या पहिल्या तारखेच्या) आधीचा आकडा असेल तर मागच्या महिन्याच्या दिवसांत दोन मिळवा आणि तो आकडा वजा करा. जर्मानिकुमची तारीख आहे मे महिन्याच्या कॅलेंड्सआधी ११: ३० अधिक २ वजा ११, म्हणजे २१ एप्रिल. ‘इड्स’ (महिन्याच्या मध्याची खूण) असेल तर इड्सच्या तारखेत एक मिळवून आकडा वजा करायचा. ऑर्लिअँच्या ठरावांवर जुलैच्या इड्सआधी ६ आहे. जुलैचे इड्स १५ तारखेला, म्हणून १६ वजा ६, १० जुलै. सालासाठी तिथं कॉन्सल (ज्याच्या नावानं रोमन लोक वर्ष ओळखत तो अधिकारी) फेलिक्स याचं नाव आहे, त्यावरून ५११. नंतरच्या परिषदांत राजाच्या कारकिर्दीचं वर्ष येतं. जर्मानिकुमचं साल ठरावात ख्रिस्तजन्मापासून मोजून ७४२ लिहिलंय, तरी काही अभ्यासक ती ७४३ची मानतात. म्हणून ‘७४२ किंवा ७४३’ लिहिणं सुरक्षित.

ठरावांखालच्या सह्या कुणी वाचत नाही, आणि त्याच वाचायला हव्यात. ऑर्लिअँला ३२ बिशपांनी ३१ कलमांवर सह्या केल्या, आणि प्रत्येकानं आपल्या शहराचं नाव दिलं. सही नसलेली शहरं नकाशावर मांडली की क्लोव्हिसची सत्ता कुठवर पोचत होती ते दिसायला लागतं. ६१४च्या पॅरिसच्या परिषदेत तर खाडीपलीकडच्या केंटमधून आलेले रोचेस्टरचे बिशप जस्टस आणि कँटरबरीचे मठाधिपती पीटर यांच्या सह्या आहेत. बिशप स्वतः आला नसेल तर त्याचा धर्मगुरू किंवा डीकन त्याच्या वतीनं सही करतो. मोजताना हे प्रतिनिधी वेगळे धरावेत, नाहीतर बिशपांची संख्या फुगते. शहरांची नावं लॅटिन आहेत, बुर्दिगाला म्हणजे बोर्दो, वगैरे. तीही सूचीत सापडतात.

उरलेला अर्धा तारा भाषेचा. भाषांतर कुठंच नाही. मासेन यांची प्रस्तावनाही लॅटिनमध्ये, हार्टमान यांच्या प्रस्तावना जर्मनमध्ये. लॅटिन न येणाऱ्यानं मशीन भाषांतरावर एक नजर टाकायला हरकत नाही, पण शिक्षेची कलमं त्यावर सोडू नयेत. तीन महिन्यांची तात्पुरती मनाई तिथं कायमची हकालपट्टी होऊन बसते. फ्रेंच येत असेल तर सहाव्या-सातव्या शतकातल्या गॉलच्या (साधारण आजच्या फ्रान्सच्या) ठरावांचं लॅटिनसह फ्रेंच भाषांतर १९८९ला निघालंय. शिवाय मासेन यांच्या पाठाची जागा बऱ्याच अंशी १९६३च्या द क्लेर्क यांच्या संपादनानं घेतली आहे. पीएच.डी. करणाऱ्यानं ते पाहिल्याशिवाय अंतिम दाखला देऊ नये. एम.ए.ला मासेन पुरतो.

मोबाइलवर हे वाचायच्या भानगडीत पडू नये. पाठभेद दिसतच नाहीत. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातल्यासारखा मोठा पडदा बरा, किंवा सरळ छापून घ्यावं. १८९३, १९०६ आणि १९०८चे खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन स्वरूपात मिळतात. हार्टमान यांचे हक्क शाबूत आहेत, ते घाऊक छापू नयेत. राजारामपुरीतल्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडं काम होतं, फक्त सूचना नीट द्यायच्या. मूळ खंड मोठ्या आकाराचे आहेत, म्हणून ए-फोरच घ्यावा. पैसे वाचवायला एका कागदावर दोन पानं घेतली तर खालचा मजला भिंगानंही वाचता येत नाही. छपाई करड्या छटेत घ्यावी, नुसत्या काळ्या-पांढऱ्यात जुन्या स्कॅनचे स्वल्पविराम उडतात. स्पायरल घालणार असाल तर डावीकडं जादा समास सोडायला आधीच सांगावं; नाहीतर भोकं बरोबर ओळींच्या आकड्यांवर पडतात, आणि तळटीप लिहिताना ओळी बोटांनी मोजत बसावं लागतं.